बिनक्लचची गाडी घेऊन अमरावतीला

नामदेव काकांचे माझ्यावर जेवढे उपकार आहेत, तेवढे आईवडिलांनंतर कोणाचेच नाहीत. आमच्या गावाहून दर्यापूरला त्यांची काळीपिवळी (प्रवासी जीप) चालायची. सवारी भरल्याशिवाय काळीपिवळी हलत नाही, हा आमच्याकडचा कायदा. पण माझा पेपर असला की काका ती अर्धी रिकामी हाणत. कोणी गावातल्यानं कुरकुर केली तर म्हणत, "पोट्ट्याचा पेपर आहे, तुह्या सासरची पंगत नाही." मी आमच्या घरातला पहिला पदवीधर. ती पदवी त्या जीपनं आणली.

जीपमध्ये पुढे चौघं बसत, त्यामुळे गिअर माझ्या दोन गुडघ्यांच्या मधे यायचा. काका क्लच दाबून "हं" म्हणाले की गिअर मी टाकायचा. शाळा-कॉलेजची सगळी वर्षं असे गिअर टाकल्यामुळे आपल्याला गाडी येते, असा माझा समज झाला होता.

तो समज परवा अकोल्यात जठारपेठेत उतरला. नोकरी लागून स्थिरावलो, आता रोजच्या वापरासाठी गाडी घ्यायची होती. मॅन्युअल की ऑटोमॅटिक, एवढाच प्रश्न उरला होता. ऑफिसातल्या सगळ्यांचं मत मॅन्युअल. स्वस्त पडते, कुठेही दुरुस्त होते, आणि 'हातात राहते'. म्हणून आधी मॅन्युअल चालवून पाहिली. लायसन्स होतं, सराव नव्हता. गिअर पडत होते, पण क्लच सोडताना पाय दगा देई आणि गाडी गचका खाऊन बंद पडे. तिसऱ्यांदा बंद पडली तेव्हा मागचा ऑटोवाला म्हणाला, "भाऊ, उतरून ढकला, लवकर पोचसान."

ऑफिसमधल्या देशमुख साहेबांकडे ऑटोमॅटिक आहे. त्यांनी रविवारपुरती चावी माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "एक दिवस चालवा, मग ठरवा." मी ठरवलं, अमरावतीला जाऊन काकांनाच विचारायचं. काका-काकू आता तिथेच राहतात. एका अपघातानंतर काकांचा डावा गुडघा नीट वाकत नाही, क्लच दाबता येत नाही, म्हणून जीप विकली. तेव्हापासून गाडीचा विषय निघाला की ते उठून आत जातात, असं काकूंनी मला सांगितलं होतं. सल्ला तर मला हवाच होता. पण त्याहून जास्त, काकांना एकदा स्टिअरिंगवर बसलेलं पाहायचं होतं.

सकाळी निघालो. हमरस्ता सोडून मुद्दाम दर्यापूरचा रस्ता धरला. पूर्णेचा पूल ओलांडला की दोन्ही बाजूंना काळी जमीन आणि फुटलेला कापूस, नजर जाईल तिथवर पांढरं. गाडी लोण्यासारखी चालली होती. तेवढ्यात समोर कापसाची बंडी (बैलगाडी) आली, आणि माझ्या डाव्या पायानं क्लच समजून ब्रेकच दाबला. टायर किंचाळले, बैल बिचकले.

"काहून भाऊ, माह्या ढोरायले भेवाडता का?" बंडीवाला म्हणाला. मी माफी मागितली आणि डावा पाय सीटखाली ओढून घेतला.

दर्यापूरला चहा आणि आलुबोंडा घेतला. स्टँडवरचा एक जीपवाला खिडकीतून वाकून पाहू लागला. "क्लच कोठी गेला याचा?"

"याला नसतोच."

"बरं आहे," तो म्हणाला, "चोराले नाही चालवता येणार."

अमरावतीत काकूंनी रोडगे (गोवऱ्यांवर भाजलेले कणकेचे गोळे) आणि वांग्याची भाजी केली होती. जेवण होईपर्यंत मी विषय काढला नाही. मग विचारलं.

"क्लच नाही, गेर नाही," काका म्हणाले, "मंग डायवर काय करते? पोंगा वाजवते?"

"तुम्हीच चालवून सांगा ना, काका."

त्यांचा चेहरा उतरला. "या गुडघ्यानं माही गाडी खाल्ली. ते गोष्ट काढू नोको."

ते उठणार, तोच काकू म्हणाल्या, "मंग लायसन कावून नवं करून आणलं हो? भितीले टांगाले?"

हे मला ठाऊकच नव्हतं. काकांनी टोपी डोक्यावर ठेवली. म्हणाले, "चाल. पण पाह्याले फक्त."

काकूही मागे बसल्या. नांदगाव पेठच्या औद्योगिक वसाहतीत रविवारी रस्ते मोकळे असतात. तिथे मी उतरून दुसऱ्या बाजूला गेलो. काका उजव्या दारानं आत बसले, डावा पाय हातानं उचलून आत घेतला आणि खाली पायांकडे पाहत राहिले. मी दोनच पेडल दाखवले. दोन्ही उजव्या पायाचेच.

"मंग या पायाले काम काय?"

"काहीच नाही."

काकांनी डाव्या गुडघ्यावर थाप मारली. "बस बाबू. तू आता सवारी."

गाडी हलली. पहिल्या वळणापर्यंत त्यांचे खांदे ताठ होते. दुसऱ्या वळणाला कोपर खिडकीवर आलं. मग त्यांनी गाडी दोन ट्रकांच्या मधल्या जागेत मागं घेतली, एका झटक्यात, आरशात पाहून, जणू मधली वर्षं गेलीच नव्हती. मागच्या सीटवरून काकू म्हणाल्या, "संसार झाला जीपवाल्यासंग, पण खिडकी नेहमी सवारीले. आज भेटली मले." काका इतके हसले की गाडी बाजूला घ्यावी लागली.

परत शहरात गाडी त्यांनीच आणली. गिला वडा (दही-चटणीतला डाळीचा वडा) खाताना मी निकाल विचारला.

"तू मॅन्युअलच घे," काका म्हणाले. "माह्यासाठी गाडी घेशीन तर मी बसणार नाही तिच्यात. रोज तुले चालवाची आहे."

संध्याकाळी अकोल्याकडे एकटाच निघालो. वाटभर त्यांच्या बोलण्याचा विचार केला. काकांनी आयुष्यभर माझी सोय पाहिली, आजही तेच केलं होतं. पण माझी सोय कशात आहे हे आता मलाही कळत होतं. अकोल्याच्या वेशीवर गर्दीत अडकलो, पावलोपावली थांबलो, आणि एकदाही मागून शिवी आली नाही. दुसऱ्या दिवशी शोरूममध्ये गेलो. फोनवर काका "बरं" म्हणून ठेवून देतात, म्हणून हे पत्र टाकलं:

तीर्थरूप काकांना साष्टांग नमस्कार.

तुमचा शब्द मी पहिल्यांदाच मोडला आहे. ऑटोमॅटिक घेतली. रागावू नका, तुमच्यासाठी नाही घेतली. मला मॅन्युअल नीट येत नाही आणि रोज चौकात बोलणी खायची माझी तयारी नाही. थोडी महाग पडली, पण झेपेल.

येत्या रविवारी गाडी मिळेल. तुम्ही आणि काकू सकाळच्या बसने या. परतीच्या बसची चौकशी करू नका. शोरूमवाल्यांना सांगून ठेवलं आहे की चावी माझ्या हातात द्यायची नाही, नामदेव काका येत आहेत.

तुमचा,
राहुल