संगीताची बॅग

सहा वर्षं हे कुणाला म्हणून कळू दिलं नाही — नवऱ्याला नाही, आईला तर नाहीच. परवापर्यंत. आज तुम्हाला सांगते, आणि मान वर करून सांगते.

टेमघरला माझा इंग्रजी बोलायचा क्लास आहे. त्यातला चोरीच्या शब्दांचा धडा मुलांना फार आवडतो. मित्राने पेन ढापलं तर 'निक', ताटातलं भजं उचललं तर 'पिंच', परीक्षेत कॉपी केली तर 'क्रिब', दुकानदाराने टोपी घातली तर 'रिप-ऑफ'. सगळे हसत म्हणायचे शब्द. मला कुठून आले? एका पुस्तकातून. आणि ते पुस्तक — थांबा, सांगते.

तेव्हा मी मानकोलीच्या एका गोदामात होते, परत आलेल्या मालाच्या टेबलावर. शेजारी संगीता. तपासायला तिच्या नावावर नोंदलेल्या एका पार्सलमधून ते वीतभर पुस्तक निघालं. ती पाणी प्यायला गेली, आणि मी ते कुडत्याच्या आत खोचलं. गेटवर फक्त बॅगा तपासायचे, हे मला ठाऊक नव्हतं का?

दुसऱ्या दिवशी पुस्तक कमी भरलं, आणि शिफ्ट सुटताना सगळ्यांसमोर संगीताची बॅग टेबलावर उलटी केली. काही निघालं नाही. तरी तिची ड्युटी गेली. मी रांगेत तिच्या मागेच उभी होते — तोंड होतं ना मला? उघडलं नाही.

त्याच पुस्तकावर माझा क्लास उभा राहिला. मी मनाशी म्हणायची, नुसतं ढापलंय. गमतीचे शब्द माझ्या वाट्याला आले. संगीताला मात्र सगळे चोरच म्हणाले.

परवा अंबाडीच्या बाजारात तिच्या भाजीच्या पाटीसमोर उभी राहिले आणि सांगून टाकलं. तिने हातातली गवार पाटीत टाकली. मग म्हणाली, "मला सांगून काय फायदा न्हाय. जिथं माजी बॅग उलटी केली, तिथं बोल."

काल शिफ्ट सुटताना दोघी गेटवर गेलो. तीच रांग, तेच टेबल. मी ओरडून सांगितलं — मराठीत, मग हिंदीत, "चोरी मैंने की थी, संगीता ने नहीं." आवाज लटपटला नाही!

संगीताने टेबलाकडे बोट केलं. "आता तुजी बॅग."

उलटी केली. कंगवा, डबा, पुस्तक. संगीता तेव्हापासूनच्या जुन्या माणसांकडे एकेक करून बघत राहिली, आणि एकेकाची मान खाली गेली. एवढा आनंद मला क्लासची पाटी लावतानाही झाला नव्हता.

पुस्तक तिथेच ठेवलं. गेटवरची गोष्ट गावात पोचली; आज निम्मी मुलं क्लासला आली नाहीत. जी आली त्यांच्यासाठी मी फळ्यावर लिहिलं : पुस्तक मी चोरलं. ढापलं नाही — चोरलं.