मालकाच्या रकान्यातलं नाव

एक पाय आखूड असलेल्या मुलांसाठी बूट शिवायचे, हे काकूंचं काम. आधी ते त्यांच्या यजमानांचं होतं. यजमान जाऊन दोन वर्षं झाली, तरी विजेच्या बिलापासून सगळं त्यांच्याच नावावर. कुणी हटकलं की काकू म्हणायच्या, "बदलू की, घाई कसली?"

एका सकाळी दूरगावच्या एका आईचा फोन आला. "काकू, पोरीचं पाऊल वाढलंय, जुना बूट चावतोय. माप कसं घ्यायचं ते बघायला गेले, तर तुमची वेबसाइटच उघडेना!"

काकूंच्या हातातली आरी थांबली. वेबसाइटवरची, माप कसं घ्यायचं ते दाखवणारी चित्रं यजमानांनी आजारपणात, उशीला टेकून काढली होती.

"गेलं का गं सगळं?" त्यांनी सुनेला विचारलं.

सुनेनं कॉम्प्युटरवर शोधाशोध केली. "नाही आई, चित्रं शाबूत आहेत, इंटरनेटवर भाड्यानं घेतलेल्या जागेवर. गेलंय ते नाव. डोमेन म्हणतात त्याला. लोक ते नाव टाकतात, आणि ते त्यांना चित्रांपर्यंत पोचवतं. पण ते कायमचं मिळत नाही, मुदत संपली की वाढवून घ्यायचं. बाबांनी तीन वर्षांसाठी घेतलं होतं. आठवण करून देणारी पत्रं त्यांच्याच ईमेलवर जात राहिली."

"त्यांना? कमाल आहे! ते काय उत्तर देणार होते?"

"अजून थोडे दिवस हातात आहेत. मग ते नाव कुणीही उचलेल. नाव देणारी कंपनी म्हणते, बाबांच्या मृत्यूचा दाखला पाठवा आणि मालकाच्या रकान्यात दुसरं नाव घाला."

काकूंनी हातातली आरी खाली ठेवली. मग म्हणाल्या, "तुझं घाल."

"बूट मी शिवते का? मला साधं बटण लावता येत नाही, ते पण तुमच्याकडे आणते!"

काकूंना हसू आलं आणि डोळेही भरले. त्यांनी कपाटातून दाखल्याचं पाकीट काढलं. ते आजवर उघडलंच नव्हतं. देवापुढे क्षणभर हात जोडून त्या कॉम्प्युटरसमोर बसल्या.

"त्यांचं नाव मी पुसते. तू हात लावू नकोस."

एकेक अक्षर गेलं. रिकाम्या रकान्यात काकूंनी एका बोटानं आपलं नाव लिहिलं.

"पाठवू?" सुनेनं हळूच विचारलं.

"पाठव. त्या पोरीचा पाय काही आपल्यासाठी वाढायचा थांबणार नाही."