अंगठ्याची मोजणी

स्पिरिटचा बोळा कुणाच्या मनगटावर फिरवला की तो उग्र वास मला दुष्काळातल्या एका दुपारी नेतो. मी तेव्हा बीडच्या एका दवाखान्यात नसा तपासायचं मशीन चालवत होतो. नांदूरघाटकडचा एक ऊसतोड्या बायकोसोबत आला होता. त्याचा अंगठा सुकत चालला होता, आणि दसरा होताच सहकारी कारखान्याचा ट्रक टोळी न्यायला येणार होता. मनगटावर विजेचा झटका हळूहळू वाढवला की अंगठ्याचे मज्जातंतू एकेक जागे होतात आणि पडद्यावरची लाट पायरीपायरीने चढते. पूर्ण लाटेला एका पायरीच्या सरासरी उंचीने भागलं की किती तंतू उरलेत याचा अंदाज येतो. त्याला वाटलं, जोर बघतायत. तो हात आवळून बसला आणि लाट विस्कटत राहिली. "ढिला सोडा की वो, हितं मुकादम न्हाई," बायको हसली. त्याने हात सोडला. पायऱ्या मोजक्याच, पण उंच निघाल्या. "मोठ्या हायत, मंजी ताकद हाय ना?" तिने विचारलं. "मेलेल्या तंतूंचं काम उरलेले ओढतायत," मी म्हणालो. "कोयता हातातून सुटून पायावर बसेल. या साली जाऊ नका." "आन् ते उरलेले बी दमले की?" तिने विचारलं. मी मशीन बंद केलं. टोळीत नवरा-बायकोची जोडी मिळून एक 'कोयता' मोजतात, एकट्या माणसाचा अर्धा. "चला," ती नवऱ्याला म्हणाली, "मला एकलीला अर्ध्या कोयत्यावर घेतेत का इचारू." मी खरं तेच सांगितलं होतं. तरी इतक्या वर्षांनीही, ती एकटी उसाच्या फडात वाकलेली दिसते आणि मला एका जागी बसवत नाही.