आडातली ओटी

कुणी विहिरीत मूठभर तांदूळ टाकताना दिसलं की आजही माझं डोकं फिरतं. इतकी वर्षं झाली, पण तो राग काही गेला नाही.

सातवीतून शाळा सोडली आणि भंडाऱ्याकडून पोटासाठी कोल्हापुरात आलो. एका कारखान्यात लेथवर लागलो. कसबा बावड्याच्या कडेला, उसाच्या रानात, एक पत्र्याची खोली होती. ती रानमालकाच्या आईनं मला राहायला दिली. तिला सगळे आक्का म्हणत. भाडं घ्यायची नाही, वर भाकरी-आमटी पाठवायची. परक्या मुलखात तिनं आसरा दिला, हे मी विसरलेलो नाही. म्हणून तर राग धड काढताही येत नसे.

खोलीत पाणी नव्हतं. मालकाच्या विहिरीवरून घागरी आणायच्या. पोटुशी असताना माझी बायको घागरीसकट बांधावरून घसरली. पोटातलं लेकरू वाचलं, पण सासरे येऊन तिला घेऊन गेले. जाताना सांगून गेले, घरात पाणी आल्याशिवाय पोरगी पाठवणार नाही. मुलगी तिकडेच झाली. ती रांगायला लागली तरी मी तिला एकदाच पाहिली होती.

खोलीमागं एक जुना आड होता, उथळ, बुजत आलेला. कारखान्यातल्या मुसलमान मिस्त्रीनं आत डोकावून सांगितलं, "झरा जित्ता हाय बघ. गाळ काढ." मग दर सुट्टीला गाळ, खापरं, कुजका पाला उपसत राहिलो. मिस्त्रीनं एक जुनी छोटी मोटार बसवून दिली. आडात पाइप, पाइपाच्या तळाला जाळी आणि झडप. मोटार थांबली की झडप मिटायची आणि पाइपातलं पाणी पाइपातच राहायचं. खोलीवर पिंप, पिंपाला नळ. नळाला पहिल्यांदा पाणी आलं त्याच दिवशी सासऱ्यांना कळवलं.

ते यायच्या आदल्या दिवशी मोटार नुसतीच घुमायला लागली. पंपात तांब्यानं पाणी ओतलं तर ते सरळ खाली उतरून जाई. सगळे सांधे सोडले, सुतळी-सफेदा लावून पुन्हा आवळले. काही उपयोग नाही. उद्या सासरे येणार, नळ सोडणार आणि तो कोरडा. शेवटी पाइपच वर ओढला. जाळीला हिरवा खण गुंडाळलेला आणि झडपेत फुगलेले तांदूळ. झडप मिटणार कशी?

तेवढ्यात आक्का शेजारच्या बायकांना घेऊन आलीच.

"आक्का, हे कुणी टाकलं?"

"म्या. आन कोण टाकतंय? मेलेला आड जित्ता झाला, मग गंगामाईची ओटी भराय नगं व्हय?"

"अहो, तुमच्या तांदळानं मोटार बंद पडली!"

"मोटार कालची. आड माज्या सासूच्या येळचा हाय."

बायका खिदळल्या. मी खण ओढून बांधावर फेकला, तशी त्यातली एक किंचाळली, "ओटी भायेर काढतोय की ह्यो! पावणं, हात झडतील!"

माझा तोल गेला. कारखान्यात चिडवतात म्हणून दाबून ठेवलेली गावाकडची बोली तोंडातून सुटली. "गंगामाईले नळ नाही लागत, आक्का! माह्या पोरीले लागते! उद्या तिचा आजा तिले वापस घेऊन जाईन, मंग भरत बसा ओट्या!"

आक्कानं बांधावरचा खण उचलला. "आदी सांगायचं न्हाईस व्हय?" एवढंच म्हणाली आणि निघून गेली. म्हणजे चूक माझीच!

चरफडत एकेक दाणा कोरून काढला, पाइप पुन्हा सोडला. संध्याकाळी पाणी चढलं.

दुसऱ्या दिवशी सासरे आले, बायको आली, तिच्या कडेवर माझी मुलगी. आक्काही आली, काल काही घडलंच नाही अशा तोऱ्यात. सासऱ्यांनी नळ सोडला. ओंजळीत पाणी घेऊन चाखलं, पुन्हा चाखलं. मग म्हणाले, "आड दाखवा."

आडाच्या दगडांवर हळदीकुंकू होतं. त्यांनी चपला काढल्या, हात जोडले. "पूजा केली हाये. पाण्याचं मोल जाणणारी माणसं हायेत इथं. ठेवून जातो पोरीले."

मी श्वास सोडतोय तोच त्यांनी लेकीसाठी आणलेलं तांदळाचं गाठोडं सोडलं आणि मी तोंड उघडायच्या आत भरलेली मूठ आडात रिकामी केली. वर आणखी एक.

आक्का पदर तोंडाला लावून हसत होती. "बोला की पावणं! काल तर लई आवाज फुटलता!"

ज्यांनी आत्ताच पोरगी माझ्या हवाली केली, त्यांच्यावर ओरडू? मी नुसता त्या पांढऱ्या दाण्यांकडं बघत राहिलो. एकेक करून ते खाली, पाइपाकडं चालले होते.

बायको जवळ आली, हळूच म्हणाली, "काय झालं? पाणी येते ना?"

"येते," म्हणालो आणि पाना शोधायला आत गेलो.