विश्रामकाकांच्या तीन बॅटऱ्या

नियम पाळणाऱ्या माणसांचा मला मनापासून कंटाळा आहे. सिग्नल हिरवा झाल्यावरही दोन्हीकडं बघून मग गाडी काढणारा कुणी पुढं असला, की माझा हात आपोआप हॉर्नवर जातो. आणि नशीब बघा, आयटी पार्कात नोकरी लागल्यावर मला चंदीगड विमानतळाजवळच्या एअरोसिटीत भाड्यानं जागा मिळाली ती नेमकी विश्राम शेटे यांच्या वरच्या मजल्यावर.

विश्रामकाका टपाल खात्यातले निवृत्त अधिकारी. मूळ गाव भोरच्या पुढचं, नोकरीत अकरा बदल्या, त्यातली शेवटची चंदीगडला. निवृत्तीनंतर पुण्याला न जाता ते इथंच राहिले. आखलेले रस्ते, नंबर घातलेले सेक्टर, ठरल्या जागी लावलेली झाडं. हे शहर आपल्यालाच विचारून बांधलंय असं त्यांना वाटलं असणार. तीस वर्षं पार्सलात काय चालतं आणि काय चालत नाही हे लोकांना सांगण्यात गेली, ती सवय सुटली नाही. कचऱ्याची गाडी आली की मी घाईत एकच पिशवी टाकून पळायची आणि काका खालून म्हणायचे, "रेवा, ओला वेगळा." मी मनातल्या मनात जे म्हणायची ते इथं लिहीत नाही.

तर या माणसानं साठीनंतर ड्रोन घेतला.

ड्रोन कसला, तळहातावर मावेल एवढं पाखरू. पण घेतलं कुठं राहून, तर विमानतळाच्या भिंतीला लागून. आमच्या गच्चीतून विमानाची चाकं दिसतात. उडवायला कुठं परवानगी आहे हे दाखवणारा सरकारी नकाशा असतो, त्यात आमचा सगळा भाग लालभडक. इकडं विमानतळ, तिकडं चंडीमंदिरची लष्करी छावणी. दुसरा कुणी असता तर एखाद्या सकाळी गच्चीतून हळूच उडवून बघितला असता. काका दर रविवारी बसनं मोरिंड्याच्या पलीकडं, एका जुन्या पोस्टमास्तरांच्या शेतावर जायचे, कडेच्या मोकळ्या रानात अर्धा तास उडवायचे आणि संध्याकाळी ऊन खाऊन तांबडे होऊन परत यायचे. वर्षभर हे चाललं होतं. हौस म्हणतात ती अशी, असं मी समजत होते.

खरं कारण मला त्यांच्या बायकोनं, प्रतिमाकाकूंनी सांगितलं. काकांची थोरली बहीण सुलोचनाअक्का गावी एकटी राहते. गावामागच्या डोंगरावर त्यांची कुलदेवी आहे. दर चैत्री पौर्णिमेला अक्का सव्वाचारशे पायऱ्या चढून वर जायची, एक वर्ष चुकलं नाही. तीन वर्षांपूर्वी गुडघ्यांनी दगा दिला. आता पौर्णिमेला ती ओसरीवर डोंगराकडं तोंड करून बसते आणि दिवसभर कुणाशी बोलत नाही. "डोलीत बसवून नेऊ म्हटलं तर चिडते," काकू म्हणाल्या. "म्हणते, देवीकडं दुसऱ्याच्या खांद्यावरून जायचं मेल्यावर. म्हणून यांचा हा उद्योग. यंदाच्या पौर्णिमेला ड्रोन घेऊन येतो, ओसरीवरनंच देवी दाखवतो असा शब्द दिलाय अक्कांना."

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी मलाही घरी जायचं होतं. माझं घर नसरापूरला, काकांच्या वाटेवरच. एकच विमान, पुण्यातून एकच टॅक्सी असं ठरलं, आणि मी फसले. दुपारी एकच्या विमानासाठी काकांनी मला सकाळी साडेनऊला खाली उभं केलं. विमानतळ घरापासून दहा मिनिटांवर.

वाटेत त्यांनी मला धडा दिला. ड्रोन मोठ्या बॅगेतून विमानाच्या पोटात जातो. बॅटऱ्या मात्र पोटात चालत नाहीत, त्या आपल्याजवळ, हातातल्या बॅगेत. का, तर या लिथियमच्या बॅटऱ्या. एखादी बिघडून पेटली आणि ती खाली सामानात असली तर कुणाला कळणार नाही. वर असली तर निदान धूर दिसेल, विझवता येईल. म्हणून प्रत्येक बॅटरी वेगळ्या पाकिटात, धातूच्या टोकांवर चिकटपट्टी लावून. एक बॅटरी पंचवीस मिनिटं चालते आणि त्यांच्याकडं तीन होत्या. "शंभर वॉट-अवरच्या आत आहेत, म्हणजे चालतात, लेबल आहे," ते म्हणाले. मी इयरफोन शोधत होते.

मोठी बॅग काउंटरवर गेली, पट्ट्यावरून आत गेली. आम्ही सुरक्षा तपासणीच्या रांगेत उभे राहिलो. ट्रेमध्ये ठेवायला बॅटऱ्या काढाव्यात म्हणून काकांनी हातातली बॅग उघडली. वरच्या कप्प्यात हात घातला आणि तो तिथंच राहिला.

बाहेर आला तो पत्र्याचा डबा. पिन्नीचा, म्हणजे इकडच्या कणकेच्या लाडवांचा.

इथं काकूंविषयी सांगायला हवं. अकरा वेळा संसार बांधून अकरा वेळा सोडलेली बाई. सामान भरण्याचा त्यांचा एकच कायदा: ज्याचं त्याच्यापाशी. मिक्सरचं भांडं मिक्सरपाशी, घड्याळाचा सेल घड्याळापाशी, देवाची घंटा देवापाशी. नव्या गावात खोका उघडला की वस्तू चालू झाली पाहिजे. या कायद्यावर त्यांनी गुवाहाटीपासून राजकोटपर्यंत एक चमचा हरवू दिला नव्हता. सकाळी अक्कांसाठी केलेल्या पिन्न्या मोठ्या बॅगेत फुटतील म्हणून त्यांनी डबा हातातल्या बॅगेत बसवायचं ठरवलं. जागा हवी होती. तिथं तीन काळी पाकिटं होती, ड्रोनची. मग ती कुठं जाणार? ड्रोनपाशी.

काकांनी जागच्या जागी फोन लावला. मी शेजारी होते, काकूंचा आवाज स्वच्छ ऐकू येत होता. "अहो, मोज्यात गुंडाळून ठेवल्यात की ड्रोनच्या शेजारी. पक्का बांधलंय, हलायच्या नाहीत."

काकांनी डबा परत बॅगेत कोंबला. फोन ठेवला आणि रांगेतून बाहेर निघाले.

"कुठं चाललात?"

"सांगायला. बॅग परत काढावी लागेल."

मी त्यांचा दंड धरला. माझा संयम मुळात चहाच्या पेल्याएवढा, तो केव्हाच संपला होता. "काका, गप्प बसा. मशीन बघतं ना सगळ्या बॅगा. सापडल्या तर बोलावतील. नाही सापडल्या तर पुण्यात निघतील मोज्यातून. कोट्यवधी लोक जातात असे."

"मशीननं नाही बघितल्या तर?"

"तर बरंच की."

"रेवा," ते शांतपणे म्हणाले, "माझ्या बॅगेवर दीडशे माणसं बसणार आहेत. त्यात तू पण आहेस."

मला जास्तच राग आला. मी एकटी पुढं जाऊ शकत होते. तशी दोन पावलं गेलेही. मग वळले, कारण साठीतल्या माणसाला असं एकटं सोडून जाणं मलासुद्धा जमलं नाही.

काउंटरवरची पंजाबी मुलगी आधी हसली, मग तिला कळलं की हा माणूस गंभीर आहे. "अंकलजी, बैग अंदर जा चुका है. निकलवाने में टाइम लगेगा. फ्लाइट छूट गई तो अगली सीट कल शाम की है."

उद्या संध्याकाळची. म्हणजे पौर्णिमेचा दिवस सरल्यावर. तिला हे माहीत नव्हतं, आम्हाला होतं. काका काउंटरच्या कडेला हात टेकून उभे होते आणि त्यांच्या कपाळावर घाम आला होता. मला वाटलं, आता तरी म्हणतील जाऊ दे.

"निकलवाइए जी," काका म्हणाले.

मग सुरू झालं ते थांबणं. साडेनऊला निघालो होतो याबद्दल मी आयुष्यात पहिल्यांदा कुणाच्या तरी वक्तशीरपणाचे आभार मानले, अर्थात मनात. पण बॅग काही येईना. सामान उतरवणारे दिल्लीच्या विमानात गुंतले होते. बाराला वीस कमी, बाराला दहा कमी. काका पाठ ताठ ठेवून उभे, जसे टपाल कचेरीत साहेब येणार म्हणून उभे राहत असतील. मी तीनदा काउंटरवर जाऊन भांडले, आणि हे मला चांगलं येतं. शेवटी बारा वाजून गेल्यावर नरेश नावाचा एक लोडर हातगाडी ढकलत आला. "किसने बोला था बैटरी है?"

"मैंने," काका म्हणाले.

नरेशनं त्यांच्याकडं नीट बघितलं. "खुद ही? मेरे बीस साल में पहले हो आप."

बॅग उघडली. ड्रोन, आणि त्याच्या कुशीत काकूंनी विणलेल्या लोकरी मोज्यात तीन बॅटऱ्या. सुरक्षावाल्यांनी लेबलं वाचली, पट्ट्या बघितल्या, मान हलवली. बॅटऱ्या काकांच्या हातात आल्या आणि पिन्नीचा डबा मोज्यांत गुंडाळून ड्रोनच्या शेजारी गेला. बॅग परत आत. मग आम्ही धावलो. म्हणजे मी धावले. काका नियमाप्रमाणे चालतच आले, पण माझ्याएवढ्याच वेगानं, ते कसं काय ते मला अजून कळलेलं नाही. गेट बंद करायला एक मुलगा दोरी घेऊन उभाच होता.

खुर्चीत बसल्यावर मी म्हटलं, "काकूंना झापायला हवं."

"कशाला? चूक माझी. मी तिला 'या इथंच राहू दे' एवढंच सांगितलं होतं. का, ते सांगितलं नव्हतं. ती काय माझी हाताखालची कारकून आहे?" मग त्यांनी बॅगेतली तिन्ही पाकिटं पुन्हा एकदा मोजली. "केवढा घाबरलो होतो मी. नसतो पोचलो तर अक्काला काय तोंड दाखवलं असतं?"

एवढी धावपळ ज्याच्यासाठी झाली ते बघितल्याशिवाय मला चैन पडलं नसतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी भावाची स्कूटी घेऊन भोरच्या पुढं त्यांच्या गावी गेले.

घर डोंगराच्या अगदी पायथ्याशी. ओसरीवर बाजेवर अक्का बसलेली. हिरवं नऊवारी, ठसठशीत कुंकू, पाय पुढं पसरलेले. काकांनी देवळाच्या पंचांना विचारलं होतं, सरपंचांना विचारलं होतं, नकाशा तर चार वेळा बघितला होता. गाव हिरव्यात, म्हणजे परवानगीच्या भागात होतं. ड्रोनच्या रिमोटला लावलेल्या पडद्यावर ऊन येऊ नये म्हणून मला छत्री धरून उभं केलं. अंगणातून पाखरू उडालं, कौलांच्या वर गेलं आणि काकांनी ते सरळ शिखराकडं सोडलं. पडद्यावर देऊळ मोठं होऊ लागलं.

"थांब," अक्का म्हणाली. "हे काय करतुयास?"

"अक्का, देवळाकडं नेतोय."

"देवीकडं असं भुर्रकन जात्यात व्हय रं? पायरीनं ने."

काकांनी तिच्याकडं बघितलं. मग पाखरू फिरवलं, खाली आणलं, पहिल्या पायरीच्या वर हातभर उंचीवर धरलं. आणि चढायला लागले. इतकं हळू, की यात्रेला निघालेली माणसं त्याच्या पुढं जात होती. वीस-पंचवीस पायऱ्या झाल्या की अक्का म्हणायची, "हितं टेकू दे जरा." पाखरू तिथं थांबायचं. चिंचेच्या झाडाखाली तिनं पुरती पाच मिनिटं विसावा घेतला, कारण तिथं ती नेहमी घ्यायची. पहिली बॅटरी तिथंच सरत आली. पाखरू खाली आणून काकांनी दुसरी घातली आणि भरकन परत चिंचेपाशी नेलं. दुसरी पाण्याच्या टाक्यापाशी सरली. टाक्यात वाकून बघायचं होतं तिला, पाणी किती आहे ते. भरपूर होतं. ती समाधानानं हुं म्हणाली. तेव्हा माझ्या लक्षात आलं, की एक बॅटरी जरी कमी असती तरी अक्का टाक्यापाशीच अडकली असती.

शेवटच्या पायऱ्या उभ्या आहेत. तिसऱ्या बॅटरीवर त्या चढताना अक्कानं बाजेची कड घट्ट धरली. ती आता पुढं वाकली होती आणि तिचा श्वास मोठ्यानं ऐकू येत होता. मी घाबरून काकांना खूण केली, पण त्यांची नजर पडद्यावर. मग पायऱ्या संपल्या. देवळाचं दार उघडं होतं, आत समईच्या उजेडात शेंदराचा ठिपका दिसत होता. काकांनी पाखरू दाराबाहेर, माणसं उभी राहतात तिथंच थांबवलं.

अक्कानं हात जोडले. मग छातीवर हात ठेवून म्हणाली, "दम लागला रं."

मी छत्री टाकून पाणी आणायला धावले.

"आय गेली तवा तू दोन वर्षाचा," ती पडद्याकडं बघतच काकांना सांगत होती. "तुला कडंवर घेऊन चढायची मी. तवाबी हितं आलं की असाच दम लागायचा. तू उतरायचा न्हाईस. तुला म्हणायची, इश्राम, एवढं चाल की रं माझ्या राजा."

काकांच्या गालावरून पाणी ओघळत होतं आणि ते पुसता येत नव्हतं, कारण दोन्ही अंगठे यंत्रावर होते. ते हलले असते तर पाखरू दारातून सरलं असतं. मी तांब्या घेऊन तशीच उभी राहिले. अक्कानं पडद्यावरची नजर न काढता पदराच्या टोकानं त्यांचं तोंड पुसलं.

"हलू नगस," ती म्हणाली. "दर्शन घेतीया मी."