योनासच्या गावचा आकडा

योनासला गाव विचारलं की तो नाव सांगत नसे, पाणी सांगायचा. "उत्तरेला तळं, तळ्यातून एक आळशी ओढा, ओढ्याकाठी दलदल, आणि दलदल संपते तिथे आम्ही." लिथुआनियाच्या कोपऱ्यातलं हे गाव सौदीतल्या थुवालच्या आमच्या नकाशा विभागात सगळ्यांना पाठ होतं. बाहेर अंग भाजणारं ऊन, आणि हा बर्चच्या झाडांखालच्या अळंब्यांचं वर्णन करतोय! मी रत्नागिरीचा, गावाच्या बढाया मारण्यात आम्हीही कमी नाही. पण याच्यापुढे मी हात टेकले.

गावाचा इतिहासही तो असाच सांगायचा. सोव्हिएत राजवटीत कितीतरी कुटुंबं मालगाडीत कोंबून सायबेरियाला धाडली. पुढे दलदलीचं पाणी काढायला शेतांत चर खणायचे म्हणून घरंही पाडली. "घर पाडता येतं, विहिरीची जागा मी विसरत नाही," म्हणत तो कागदावर एकेक विहीर काढून दाखवी. आता तिथे त्याची आई तेवढी राहते, हे मला ठाऊक होतं.

जगभरच्या लोकसंख्येचे नवे आकडे आले की वस्ती शून्य असलेली नावं नकाशावरून काढायची, ही आमची पद्धत. यादी लांबलचक. मी न वाचताच सगळी निवडली आणि पुसली. योनास मागेच उभा होता.

"माझं गाव पुसलंस," तो म्हणाला.

"शक्यच नाही! तुझी आई आहे ना तिथे?"

"होती. गेल्या हिवाळ्यापर्यंत."

मी हादरलो. रोज शेजारी बसून चहा पिणारा माणूस, आणि आई गेल्याचं अवाक्षर बोलला नाही! मी माफी मागू लागलो.

"तुझी चूक नाही," तो म्हणाला. "तिथली कचेरीसुद्धा आता गावाचं नाव रद्द करणार आहे."

दुसऱ्या दिवशी त्याने राजीनामा दिला. फायनल एक्झिटचा, म्हणजे देश कायमचा सोडायचा व्हिसा, खलास! माझा विश्वासच बसेना. घरी सांगितलं तर बायको ओरडलीच, "खुळा झालाय काय तो? तिथं त्याला जेवायला कोण घालील?"

मीही त्याला म्हटलं, "अरे, गावात दुकान नाही, माणूस नाही. कुणासाठी चाललास?"

"एक जण राहत असला तर नाव काढता येत नाही," बॅग भरता भरता तो म्हणाला.

महिन्याभराने निरोप आला. "घराच्या पत्त्यावर नोंदणी झाली. आता एक लिही."

मी नाव पुन्हा चढवलं, समोर एक लिहिलं. मग त्या दिवशी पुसलेली बाकीची नावं उघडली आणि पहिल्यांदाच, एकेक करून, वाचायला बसलो.