तुर्की गाणं आणि दाऊदभाईची रजा

कुवेतमध्ये वाळू आणि किस्से या दोन गोष्टी दारं-खिडक्या बंद असल्या तरी घरात येतात. वाळू आम्ही झाडून टाकली. किस्से राहिले.

साठ सालाच्या आसपास कुवेत शहरातल्या बनेद अल-गार भागात एका खोलीत आम्ही तिघं राहायचो: रत्नागिरीकडचा दाऊदभाई, पुण्याचे जोशी आणि मी. तिघंही एकाच कंत्राटदाराकडे नोकरीला. दाऊदभाई स्टोअरकीपर, आम्ही दोघं क्लार्क.

*

संध्याकाळी आम्ही पत्ते खेळत बसलो की रेडिओवर एक तुर्की गाणं लागायचं. गाणारा असा सूर लावायचा की हातातला पत्ता हातातच राही. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा जोशींनी पत्ते ठेवून डोक्यावर रुमाल घेतला. ते बघून दाऊदभाईने टोपी घातली. मी एकटा बोडका कसा बसणार? मी टॉवेल घेतला. महिनाभर हे असंच चाललं.

एकदा वर्कशॉपमधला तुर्की मेकॅनिक खलील आला आणि दारातच थबकला. मोडक्या हिंदीत म्हणाला, "कौन मर गया?"

"प्रार्थना है!" जोशी कुजबुजले.

"ये? ये तो लडकी का गाना है!"

जोशी दाऊदभाईवर उखडले. "अरे, तुमच्या धर्माचं म्हणून मी रुमाल घेत होतो!"

"आणि तुम्ही बी.ए. झालेले, तुम्हाला ठाऊक असेल म्हणून मी टोपी घालत होतो!"

*

मग खलील अर्थ सांगायला बसला. एक माणूस घरापासून फार लांब आहे, त्याची होणारी बायको वाट बघते आहे... इथपर्यंत ठीक. मग खलीलला स्वतःचं गाव आठवलं आणि तो रडायला लागला.

"पण शेवटी जातो का तो घरी?" दाऊदभाईने विचारलं. खलील आणखीच रडला. याला हो समजायचं की नाही, ते आम्हाला कळेना.

दाऊदभाईचा प्रश्न काही रसिकाचा नव्हता. गावी त्याचं लग्न ठरलं होतं आणि होणाऱ्या सासऱ्याचा निरोप आला होता, "ईदपर्यंत आला नाहीस तर पोरीला दुसरं स्थळ बघतो." इकडे रजा मिळत नव्हती.

*

जोशींनी युक्ती काढली. आमचे मॅनेजर, म्हणजे मुदीर, बैरूतचे. "आधी गाणं ऐकवू. माणूस विरघळला की अर्ज पुढे करायचा!"

खलीलच्या ग्रामोफोनवर रेकॉर्ड लावली. मुदीर खरंच विरघळले. "माझी आई!" म्हणत डोळे पुसले, आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच रजा घेऊन बैरूतला गेले.

आता तर अर्जावर सही करायलाही कोणी नव्हतं!

*

अशात तो गायकच कुवेतला आला. आमच्या मालकांनी त्याला आपल्या दिवाणियात, म्हणजे पाहुण्यांच्या बैठकीत बोलावलं. खलील दुभाष्या, कॉफी द्यायला दाऊदभाई, तक्के उचलायला मी.

तिकडची जुनी रीत अशी: पाहुण्याला काही मागायचं असेल तर तो कॉफीचा पेला न पिता खाली ठेवतो. यजमानाने मागणं कबूल केलं, की मगच पितो. नाही म्हणणं म्हणजे घराण्याची नाचक्की.

गायकाला बिचाऱ्याला यातलं काही माहीत नव्हतं. त्याने त्या बिनसाखरेच्या कडू कॉफीचा वास घेतला आणि पेला हळूच खाली ठेवला.

सगळ्यांच्या नजरा पेल्यावर! मालक ताठ बसले. "पाहुण्यांनी मागावं!"

खलीलने एकदा गायकाकडे पाहिलं, एकदा दाऊदभाईकडे. "पाहुणे म्हणतात, या कॉफीवाल्याला लग्नासाठी घरी जाऊ द्या."

"दिलं!"

सगळे आपल्याकडेच बघताहेत म्हणून गायकाने डोळे मिटून कॉफी पिऊन टाकली. बाहेर पडल्यावर त्याने खलीलला विचारलं, "मी काय मागितलं?"

"साखर," खलील म्हणाला. "संपली आहे."

*

दाऊदभाई ईदच्या आधी गावी पोहोचला. लग्न झालं. रजा संपवून परत आला, त्याच संध्याकाळी आम्ही त्याला घेरलं. "बायकोला ते गाणं ऐकवलंस की नाही?"

"गुणगुणून दाखवलं. अर्थपण सांगितला. माणूस लांब आहे, घरासाठी झुरतो."

"मग?"

"ती बोलली, एवढा झुरतो तर गात काय बसलाय? आगबोट धरून घरी का जात नाही?"

जोशी खो खो हसले. "मग तू काय म्हणालास?"

"काय बोलणार?" दाऊदभाई म्हणाला. "माझी बोट सुटायची वेळ झाली होती."